डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी

सगळा तालुका हेल्काला 'लघवीवाली हेल्का' म्हणून ओळखायचा, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. मासळीच्या दुकानात ती रांगेत उभी असली की मागून एखादा खडा आवाज येणार, "अगं हेल्का, माझा डबा कधी आणू?" आणि रांगेतली बाकीची माणसं एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागणार. हेल्का मान वळवून शांतपणे सांगायची, "मंगळवारी सकाळी, आठच्या आत. आणि झाकण घट्ट लाव रे बाबा. मागच्या वेळी निम्मं तुझ्या गाडीनं प्यायलं." मग त्याच आवाजात मासळीवाल्याला, "तळ्यातले छोटे मासे दे अर्धा किलो. साफ केलेले."

एकतीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढल्यावर तिचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा जिल्ह्याच्या रुग्णालयाने तिला बसायचं काम दिलं. रानउंदराच्या तापातून उठलेल्या मोठ्या माणसांच्या मूत्रपिंडांचं पुढे काय होतं, याचा अभ्यास सुरू झाला होता. त्या माणसांना शोधायचं, बोलवायचं, त्यांचं रक्त आणि लघवी घ्यायची, वजन करायचं, प्रश्न विचारायचे, सगळं कागदावर उतरवायचं. बसायचं काम म्हणून दिलं खरं, पण फिनलंडच्या त्या भागात दोन घरांच्या मधे एक तळं आणि एक जंगल असायचंच. तेव्हा हेल्का बसायची ती बहुतेक गाडीतच.

रानउंदरांचं तिकडे दर तीन-चार वर्षांनी पीक येतं. त्या वर्षी थंडी पडायला लागली की ते लाकडाच्या कोठारांत, तळ्याकाठच्या खोपटांत, बटाट्याच्या तळघरांत शिरतात. माणसं झाडू घेऊन ती घाण झाडतात, धूळ नाकात जाते, आणि दोन-चार आठवड्यांनी ताप भरतो. कंबर मोडल्यासारखी दुखते, डोळ्यांपुढे धुकं येतं, आणि मूत्रपिंडं संपावर जातात. एकाचा दुसऱ्याला लागत नाही हा ताप, आणि बहुतेक सगळी माणसं बरी होतात. पण अगदी पूर्वीसारखी होतात, की आत कुठेतरी खूण राहते? एवढाच अभ्यासाचा प्रश्न होता.

हेल्का या कामाला योग्य होती ती तिच्या कानांमुळे. त्या भागातली माणसं हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. 'तसंही म्हणता येईल' म्हणतात आणि अर्थ लावायचं काम ऐकणाऱ्यावर सोडून देतात. किती दुखतंय, एक ते दहा सांगा, असं विचारलं की शेतकरी म्हणणार 'दोन'. पाय कुऱ्हाडीने कापला तर 'तीन'. हेल्का तो आकडा कागदावर जसाच्या तसा लिहायची आणि मनात अडीचने गुणायची.

आऊलिस होक्कानेन तिला भेटला तो असाच 'दोन' म्हणत. छप्पन्न वर्षांचा, बायको सात वर्षांपूर्वी गेलेली, तळ्याच्या टोकाला एकट्याचं घर, थोडं जंगल, थोडी जवाची शेती. ऑक्टोबरात त्याने लाकडाचं कोठार झाडलं आणि महिन्याच्या आत तो वॉर्डात पलंगावर आडवा झाला. हेल्का त्याचं नाव अभ्यासात घ्यायला गेली.

"दुखतंय?"

"दोन."

तिने पाहिलं, पलंगाच्या कठड्यावर त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"लघवी कधी झाली?"

"झाली असेल की."

"कधी?"

"काल नव्हे."

"म्हणजे परवा?"

"तसंही म्हणता येईल."

हेल्का कागद तिथेच टाकून डॉक्टरांना बोलवायला गेली, गुडघ्यांची पर्वा न करता. पुढचे तीन दिवस आऊलिसच्या मूत्रपिंडांनी काही काम केलं नाही. सहा किलो पाणी अंगात साठलं, पापण्या फुगून डोळे मिटले. चौथ्या दिवशी मात्र जो बांध फुटला तो फुटला. एका दिवसात नऊ लिटर. हेल्का मापाच्या खुणांचं भांडं भरून नेत होती, लिहीत होती, परत आणत होती. तो दमून म्हणाला, "हे अजून किती दिवस? माझ्या विहिरीलासुद्धा एवढं पाणी नाही गं."

त्याच पलंगावर पडल्या पडल्या त्याने ठरवलं होतं. त्याची धाकटी बहीण इर्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तरुणपणी आलेल्या सुजेने तिची मूत्रपिंडं हळूहळू विझत गेली, आणि आता चार वर्षं ती आठवड्यातून तीनदा सत्तर किलोमीटर टॅक्सीने येऊन डायलिसिसच्या खुर्चीत बसत होती. दिवसाला पाणी मोजून, कॉफी दोन छोटे कप, बटाटा दोनदा उकळून पाणी फेकलेला. एवढी वर्षं आऊलिसने हे पाहिलं होतं आणि 'बरी आहेस ना' यापलीकडे काही विचारलं नव्हतं.

"मला तीन दिवस झालं नाही तर मी भिंतीवर चढायच्या बेतात होतो," तो हेल्काला म्हणाला. "ती चार वर्षं असंच. आणि मला दर नाताळाला मोजे विणून देते. माझ्याकडे दोन आहेत हेल्का. ही मूत्रपिंडं बरी झाली तर त्यातलं एक तिला."

हेल्काने वर पाहिलं. त्या भागातल्या माणसाच्या तोंडून एवढं सरळ वाक्य तिने क्वचितच ऐकलं होतं.

उन्हाळ्यात तपासण्या झाल्या. भावाबहिणीचं रक्त जुळलं, पेशी जुळल्या. राजधानीतल्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी एकच अडचण काढली. या गृहस्थांना गेल्याच हिवाळ्यात रानउंदराचा ताप येऊन गेलाय, त्यांची मूत्रपिंडं पूर्ण भरून आली आहेत का? तुमच्याकडे अभ्यास चालू आहे, तेव्हा वर्षाची तपासणी करा आणि आम्हाला लेखी कळवा. मग बघू.

वर्षाची तपासणी नोव्हेंबरात झाली. लघवीत प्रथिन निघालं. खूप नाही, पण निघालं, आणि धडधाकट मूत्रपिंड प्रथिन असं गळू देत नाही. जानेवारीत पुन्हा बोलावलं. पुन्हा निघालं, आणि मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारा रक्तातला आकडाही किंचित वर.

अभ्यासाचे डॉक्टर होते एकमान. पस्तिशीचा, किनाऱ्याकडच्या शहरातून आलेला, मनाने चांगला माणूस. त्याने हेल्काला खोलीत बोलावलं आणि संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

"हे बघा हेल्का. आऊलिस एकटा नाही. एकशे बारा माणसांची वर्षाची तपासणी झाली. त्यातल्या चौतीस जणांना प्रथिन. आपण सगळे म्हणत होतो, हा ताप येतो आणि जातो. जात नाही तो. खूण ठेवतो."

हेल्काने चष्मा लावून यादी वरून खाली वाचली. आकडे तिने वाचले नाहीत, नावं वाचली. प्रत्येक नावाबरोबर तिला एक अंगण दिसत होतं.

"ही सगळी खेड्यातली आहेत, डॉक्टर. शहरातली दोनच."

"माझ्याही ते लक्षात आलं. खेड्यात कोठारं, गोठे, धूळ जास्त. म्हणजे विषाणू जास्त गेला, म्हणून इजा जास्त. सरळ आहे." त्याचा चेहरा उजळला होता, आणि उजळणारच की. तीन वर्षांच्या खटाटोपातून पहिल्यांदा काहीतरी हाताला लागलं होतं.

"पण तापात जे सगळ्यात जास्त आजारी होते, ते यात नाहीत," हेल्का म्हणाली. "आंद्रेयेव घ्या. दोनदा डायलिसिस करावं लागलं त्याला. त्याचं स्वच्छ आहे. तो चौथ्या मजल्यावर राहतो."

"चौथ्या मजल्याचा काय संबंध?"

"ते मला माहीत असतं तर मी सांगितलं नसतं का?"

डॉक्टर हसला, मग गंभीर झाला. "आऊलिसचं पत्र मला पाठवायला हवं. प्रथिन असताना मूत्रपिंड काढून घ्या असं मी लिहू शकत नाही. उरलेल्या एकावर त्याला आयुष्य काढायचंय. बहिणीला वाचवायला जाऊन भाऊ खुर्चीत बसायचा."

त्यात चूक काहीच नव्हती. हेल्काने यादीतल्या आऊलिसच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "दोन आठवडे थांबा. त्याची पूर्ण चोवीस तासांची लघवी मी स्वतः घरी जाऊन घेते. दोन छोट्या डब्यांवर एवढं मोठं पत्र नको."

"दोन आठवडे," डॉक्टर म्हणाला.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी ती निघाली. आदल्या दिवशी तिने आऊलिसला फोन करून सांगितलं होतं, उद्या दुपारी येते, मोठा डबा घेऊन, शुक्रवारी सकाळपासून गोळा करायला सुरुवात कर, कसं ते समजावते. थंडी उणे एकवीस, आकाश निळंशार, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे बांध माणसाच्या उंचीचे. मागच्या सीटवर रिकामे डबे एकमेकांवर आपटत होते.

वळणावरून तळं दिसलं आणि काठावरच्या सौनेच्या, म्हणजे वाफ घ्यायच्या लाकडी न्हाणीघराच्या, धुराड्यातून धूर दिसला. भर दुपारी, आणि वार गुरुवार, सौनेचा शनिवार नव्हे. हेल्काला वाटलं, पाहुणे आलेत की काय.

अंगणात आऊलिस घसरगाडीवरून पाण्याच्या कॅन ओढत होता. विहीर गोठली होती, तळ्याच्या बर्फाला भोक पाडून पाणी आणत होता. ओसरीजवळ ताज्या फोडलेल्या लाकडांचा ढीग. इर्याही आली होती, डायलिसिस नसलेला दिवस म्हणून. दारात उभी राहून भावाला ओरडत होती, "अरे टोपी घाल! मूत्रपिंडाबरोबर कानही देणार आहेस का मला?"

"काय रे, सौना कुणासाठी?" हेल्काने गाडीतून उतरत विचारलं.

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"म्हणजे तुझ्या त्या डब्यासाठी." आऊलिस थोडा ओशाळला. "उद्यापासून तपासणी ना? डॉक्टरचं काम म्हटल्यावर माणूस आदल्या दिवशी सौना घेणार. आता मळक्या अंगाने जाऊ का तपासायला?"

"डबा तपासणार आहेत रे, तुला नाही," इर्या म्हणाली.

"पण निघणार माझ्यातूनच ना?"

हेल्का हसली आणि हसता हसता थांबली. घसरगाडीच्या दोरीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"आऊलिस, नोव्हेंबरात माझ्याकडे आलास, त्याच्या आदल्या दिवशी काय केलंस?"

"हेच."

"जानेवारीत?"

"हेच की. का गं?"

"किती वेळ बसतोस?"

"बसतो थोडा."

"घड्याळात सांग. इथे 'थोडा' चालणार नाही."

आऊलिसने इर्याकडे पाहिलं. इर्याच म्हणाली, "अडीच तास. तीनदा आत, तीनदा बर्फात. लालबुंद होऊन बाहेर येतो, उकडलेल्या बिटासारखा. आणि आधी सकाळपासून लाकडं फोडणं आणि पाणी ओढणं चालूच असतं, ते तू बघतेच आहेस."

"मधे पाणी पितोस?"

"सौनेत पाणी पितात ती शहरातली माणसं," आऊलिस म्हणाला. "नंतर एक बिअर. झोपताना."

हेल्का ओसरीच्या पायरीवर मटकन बसली. बर्फाची पायरी, पण तिला थंडी लागली नाही. तिला तिची आई दिसत होती. वडिलांना छातीच्या फोटोसाठी न्यायचं होतं, तेव्हा आईने मंगळवारी सौना तापवली होती, आणि पाचही मुलांना कानामागे घासघासून धुतलं होतं, जणू फोटो सगळ्यांचाच निघणार होता. डॉक्टरापुढे अंग उघडं करायचं तर ते तापलेलं, घासलेलं, बर्च झाडाच्या डहाळ्यांनी झोडलेलं असलंच पाहिजे. खेड्यात हे कुणी कुणाला शिकवत नाही. आणि आईचं कशाला, दोन महिन्यांपूर्वी गुडघे दाखवायला जाताना हेल्काने स्वतः काय केलं होतं? आदल्या दिवशी सौना.

घामाने अंग सुकवलेलं, दिवसभर कष्टलेलं, पोटात पाणी नाही. अशा अंगातून निघालेली सकाळची लघवी घट्ट असणार, आणि ताप, कष्ट, उष्णता यांनी धडधाकट माणसाचंसुद्धा थोडं प्रथिन एखादा दिवस गळतं, आणि अंग सुकलं की रक्तातला आकडाही वर चढतो. हे पहिल्या वर्षाच्या नर्सला ठाऊक असतं. हेल्काच्या प्रश्नांच्या कागदावर औषधं होती, मीठ होतं, मांस होतं, बिअर होती, जड काम केलंत का हेही होतं. लाकडं फोडणं हे काम आहे असं त्या भागात कुणी मानत नाही, तेव्हा तिथे सगळे 'नाही' लिहायचे. आणि सौना तर कागदावर नव्हतीच. श्वास घेतलात का, असं कुणी विचारतं का? आंद्रेयेवच्या चौथ्या मजल्याचं कोडं सुटलं. इमारतीच्या तळघरातली सौना, शुक्रवारी संध्याकाळी सहा ते सात त्याची पाळी, तीसुद्धा शेजारी दार ठोठावणार. तो सोमवारी सकाळी तपासणीला यायचा तो नुसता शॉवर घेऊन.

"हेल्का, काय झालं? दोन का तीन?" आऊलिसने विचारलं.

"दहा," हेल्का म्हणाली. "ऐक. आजची सौना नाही. उद्याचीही नाही. परवाचीही नाही. लाकडं नाहीत, पाणी ओढायचं नाही. तहान लागेल तसं पाणी प्यायचं. रविवारी सकाळपासून डबा सुरू, सोमवारी सकाळी पुरा. मग मी येऊन नेते."

आऊलिसने कॅन खाली ठेवला. "परवा शनिवार आहे."

"माहीत आहे मला."

"शनिवारी सौना नाही?"

"नाही."

"मूत्रपिंड मागितलंत, देतो म्हणालो," आऊलिस हळू आवाजात म्हणाला. "पण हे..."

इर्या दारातून खाली आली. तिचं अंग सुकलेलं, हातावर डायलिसिसच्या नळ्यांनी फुगलेली शीर, पण चाल अजून शाळेच्या स्वयंपाकघरातलीच, तीनशे पोरांना रांगेत उभं करणारी. काही न बोलता ती सौनेत शिरली, पेटत्या शेगडीचं तोंड बंद करून आली, आणि येताना पाणी ओतायचं लाकडी ओगराळं उचलून तिने आपल्या पर्समध्ये कोंबलं. दांडा बाहेर राहिला.

"सोमवारपर्यंत मी इथेच आहे," ती म्हणाली. "उद्याची टॅक्सी इथूनच घेईन आणि इथेच परत येईन. हेल्का, आत चल, वेलचीचे पाव केलेत. तू खा, मला अर्धाच चालतो. आणि हा काय करतो त्यावर माझं लक्ष आहे."

"मालकीण," आऊलिस पुटपुटला.

"तसंही म्हणता येईल," इर्या म्हणाली.

परत जाताना हेल्का गाडी हळू चालवत होती. आनंदापेक्षा तिला धाकधूक जास्त होती. आपण म्हणतो ते खरं नसलं तर? आपण त्या दोघांना उगाच आशा लावली तर? अंगणातले ते चेहरे. आऊलिसने निघताना विचारलं होतं, "म्हणजे माझी बरी आहेत?" आणि तिने प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "माहीत नाही. पण आतापर्यंत आम्ही तुझी मूत्रपिंडं मोजलीच नाहीत. तुझी सौना मोजत होतो."

सोमवारी डबा आला, आणि त्याबरोबर आऊलिसच्या रक्ताची नळी. हेल्काने दोन्ही प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने दिलं आणि मग दुपारपर्यंत कुठल्याच कामाला हात लावू शकली नाही. दुपारी आकडा आला. प्रथिन नाही. रक्तातला आकडाही खाली, जिथे असायला हवा तिथे.

ती कागद घेऊन एकमानच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं, पायरीपासून ओगराळ्यापर्यंत. डॉक्टर ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याने पडद्यावरची ती यादी उघडली, चौतीस नावांची. त्याचा चेहरा बघून हेल्काला वाईट वाटलं. त्याने लेख लिहायला घेतला होता, नावही देऊन झालं होतं.

"मी आठ वर्षांचा असताना," तो म्हणाला, "दात काढायला न्यायच्या आधी आजीने मला सौनेत बसवलं होतं. दात काढायला! मला हे माहीत होतं हेल्का. मला माहीत होतं आणि मी विचारलं नाही."

"मी पण नाही विचारलं. आणि मी तर त्यांच्यातलीच."

"एका डब्यावर आपण हे म्हणायचं नाही," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पुन्हा डॉक्टरचा झाला. "आऊलिसचे आणखी दोन. आणि बाकीच्या तेहेतीस जणांना पुन्हा. सगळ्यांना तीन दिवस सौना बंद सांगा."

"सांगते. शिव्या तुम्ही नाही, मी खाणार."

आणि खाल्ल्या. हेल्काने आठवडाभर फोन केले. एकजण म्हणाला, लग्नाच्या आधीसुद्धा मी तीन दिवस सौनेशिवाय राहिलो नव्हतो. एक म्हणाला, बायको मला गोठ्यात झोपवेल, खर्च तुमचा अभ्यास देणार का? ऐंशीच्या घरातल्या एका बाईंनी बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "मग डॉक्टर वास येतो असं नाही ना म्हणणार?" हेल्का म्हणाली, "नाही म्हणणार हो. मी आहे ना तिथे." कुरकुर सगळ्यांनी केली. आला नाही असा एकही नाही. मार्चच्या चिखलातून, बर्फ वितळून उखडलेल्या रस्त्यांवरून ते आले, झाकणं घट्ट लावलेले डबे घेऊन, शिवाय कुणी जंगलातल्या लालबेरीची बरणी, कुणी धुरावलेला मासा. एका म्हाताऱ्याने डबा टेबलावर ठेवताना केस सारखे केले आणि माफी मागितल्यासारखा म्हणाला, "शॉवर घेतलाय."

चौतीसपैकी तिघांना पुन्हा प्रथिन निघालं. त्या तिघांची मूत्रपिंडं खरोखरच लक्ष ठेवण्यासारखी होती आणि आता त्यांच्यावर लक्ष ठेवता आलं. बाकी एकतीस भरून आलेली. एकमानने जुना लेख टाकून दिला आणि दुसरा लिहायला घेतला, आधीपेक्षा छोटा. हेल्काला तो म्हणाला, "यात सांगण्यासारखं फारसं नाही. माणसं बरी होतात, एवढंच आहे." हेल्का म्हणाली, "ते त्यांना आधी सांगा. एकतीस घरांत दोन महिने कुणी नीट झोपलेलं नाही."

आऊलिसचे पुढचे दोन्ही डबे स्वच्छ निघाले. राजधानीला पत्र गेलं, आणि पत्राच्या समासात हेल्काने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, की तुमच्याकडे तपासणीला यायच्या आधी तीन दिवस यांना सौना घेऊ देऊ नये, आणि ही गोष्ट त्यांच्या बहिणीला सांगावी, त्यांना नव्हे.

मे महिन्यात, बर्चला उंदराच्या कानाएवढी पानं फुटली तेव्हा शस्त्रक्रिया झाली. हेल्का त्या दिवशी कामावर होती. काम करत होती म्हणजे तेच कागद पुन्हा पुन्हा लावत होती. चौथ्या दिवशी सकाळी फोन वाजला. इर्या होती. आवाज बारीक, पण खणखणीत.

"हेल्का, तू बसली आहेस ना?"

"बसले. सांग."

"काल तीन लिटर दोनशे." आणि नाक पुसल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "चार वर्षं झाली गं. चार वर्षं एक थेंब नाही. मी त्या भांड्याकडे बघत बसले. नर्स म्हणाली, ओतून टाकू का, तर मी म्हटलं थांबा जरा. असं कुणाला सांगता येतं का? दुसऱ्या कुणाला फोन केला तर म्हणतील बाई खुळावली. म्हणून तुला केला."

"बरं केलंस," हेल्का म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तीन लिटर दोनशे. मी लिहून घेतेय."

"तू कशाला लिहितेस? मी तुझ्या अभ्यासात नाही."

"असू दे. लिहितेय मी."

आऊलिसने नंतर फोन घेतला. दुखतंय का विचारल्यावर 'चार' म्हणाला, म्हणजे चांगलंच दुखत होतं. मग त्याने आवाज खाली केला. "हेल्का, माझी दोन वर्षांची तपासणी नोव्हेंबरात आहे ना? मी येईन. एकाच्या हिशोबाने डबा छोटा द्याल का?"

हेल्काला त्याला सांगावं लागलं. एक मूत्रपिंड असलेल्या माणसाचे आकडे दोन असलेल्यांच्या रांगेत बसत नाहीत. त्याला अभ्यासातून बाहेर पडावं लागणार.

"म्हणजे मला काढलंत?"

"हो रे."

"आता कुठे मला कसं करायचं ते नीट कळलं होतं," आऊलिस म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "बरं. पण मी कॉफीला येईन. त्याला तर हरकत नाही?"

"कॉफीला हरकत नाही. दोघं या."

फोन ठेवल्यावर हेल्काने अभ्यासातून नाव कमी करायचा कागद काढला. त्यावर कारणांपुढे चौकोन होते. मृत्यू. दुसरीकडे स्थलांतर. स्वतःच्या इच्छेने माघार. संपर्क तुटला. तिने एक एक वाचला आणि त्यातला एकही खरा नव्हता. सगळ्यात खाली 'इतर' होतं आणि त्यापुढे एक छोटी रेघ. तिने खूण केली आणि रेघेवर लिहिलं, 'एक बहिणीला दिलं.'

मग ती सहीसाठी कागद घेऊन एकमानच्या खोलीत गेली. त्याने वाचला. खिशातून पेन काढलं, आणि रेघेवरचे शब्द पुन्हा एकदा वाचले.

"हे असं चालेल ना?" हेल्काने विचारलं.

"असंच राहू दे," तो म्हणाला आणि त्याने सही केली.